खड्ड्यातलं उलटं घर

माझी नात दगडांचा अभ्यास करते. पाहुण्यांना हे सांगितलं की ते विचारतात, "म्हणजे क्रशर टाकणार का?" आमच्या भागात दगड म्हणजे खडी आणि खडी म्हणजे डंपर. दगड हातात घेऊन तो कुठून आला, कधी आला, असल्या चौकशा करणाऱ्या मुलीचं काय करायचं हे कुणाला कळत नाही. मलाही कळत नव्हतं. मी चौथी शिकलेली. आमच्या भूगोलात डोंगर होते, पण ते कसे झाले हे विचारायची पद्धत नव्हती. होते म्हणजे होते, सासरे असतात तसे.

आम्ही महाळुंग्याचे. शेत कंपन्यांत गेलं. उरलेल्या तुकड्यावर जुनं घर होतं, ते लेकाने पाडलं आणि तीन मजले चढवले. वरच्या खोल्यांत बीड, लातूर, वाशीमकडून कंपनीत कामाला आलेली कुटुंबं राहतात. खाली लेक, सून, नात आणि मी. घरामागे ओढ्यापर्यंत एक पडीक पट्टी आहे. पट्टीच्या वरच्या अंगाने रस्ता जातो आणि त्या रस्त्याखालून कंपन्यांना पाणी नेणारी मोठी लाइन. म्हणजे पाणी आमच्या दारावरूनच जातं. आम्ही टँकरचं पितो.

लेक एका कंपनीत क्वालिटीला आहे. आलेला माल मोजायचा आणि ओके नाहीतर रिजेक्ट म्हणायचं, हे त्याचं काम. इतकी वर्षं हेच केल्यामुळे घरातही त्याला तिसरा शब्द सुचत नाही. भाजी ओके, शेजाऱ्यांचा जावई ओके, सरकार रिजेक्ट.

त्या उन्हाळ्यात नातीने घरात सांगितलं की दिवाळीनंतर हिवाळाभर हिमालयाच्या पायथ्याशी जायचं आहे. कॉलेजच्या बाई बरोबर असतील, आणखी दोन मुली असतील. तिथे नदीकाठच्या दरडीतले गोटे बघायचे. तेवढं झालं तरच तिला पुढचा अभ्यास करता येणार होता, नाहीतर इथेच थांबायचं. आणि थांबायचं म्हणजे काय, तेही तयार होतं. मारुंजीहून एक स्थळ आलं होतं. मुलगा आयटीत, फ्लॅट स्वतःचा, तोही सातव्या मजल्यावर. मुलाच्या आईने फोनवर सांगितलं होतं, "शिकू दे की लग्नानंतर. हल्ली दगडाचंही ऑनलाइन असेल."

"गोटेच बघायचेत ना?" लेक नातीला म्हणाला. "मग इथे काय तोटा आहे? चाकणपासून आळंदीपर्यंत जिथे खणशील तिथे दगड. रोज डबा घेऊन जा, संध्याकाळी घरी ये."

"पप्पा, आपले डोंगर उठलेले नाहीत. उरलेले आहेत."

"म्हणजे?"

"इथे सगळीकडे लाव्हा पसरला होता, थरावर थर, सपाट. मग नद्यांनी कापून नेला. जेवढा कापायचा राहिला तेवढ्याला आपण डोंगर म्हणतो. तिकडचा डोंगर खरंच वर सरकलाय. अजून सरकतोय. मला तो बघायचाय."

मला हे लगेच पटलं. मीही गावात कधी उठले नाही. बरोबरीच्या एकेक गेल्या म्हणून आता लग्नपत्रिका पहिली माझ्या हातात देतात.

लेकाला पटलं नाही. "सरकणाऱ्या डोंगराखाली मुलगी पाठवायची?" म्हणाला. "रिजेक्ट."

नात रडली नाही, त्याबद्दल मी तिला मनातल्या मनात मार्क दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी बादली भरून ती माझ्यापुढे उभी राहिली.

"आजी, आज अंगण मी धुते. तू फक्त बघ."

घरापुढचं सिमेंटचं अंगण कंत्राटदाराने मोठ्या प्रेमाने करून दिलं होतं. एका पावसाळ्यात खालचा भराव बसला आणि अंगण मधोमध तडकलं. रस्त्याकडचा भाग खचला, घराकडचा वर राहिला. मध्ये चार बोटांची पायरी झाली. तिला सगळे रोज ठेचकाळतात आणि कंत्राटदाराच्या आईची आठवण काढतात.

"हा भ्रंश," नात त्या पायरीवर बोट ठेवून म्हणाली.

मला भ्रंश फक्त बुद्धीचा माहीत होता. तिने सांगितलं की जमिनीलाही होतो. जमिनीला लांबच लांब चीर पडते आणि एक बाजू दुसरीच्या मानाने वर जाते. एकदम नाही, धक्क्या-धक्क्याने, माणसाच्या कितीतरी पिढ्या जातात. वर गेलेली बाजू म्हणजे डोंगर. मग तिने वरच्या बाजूला बादली ओतली. सिमेंटवरची माती, बारीक खडे, कालची नखं, सगळं पाण्याबरोबर पायरीवरून खाली उतरलं आणि खाली उतरताच पसरलं. पाणी पुढे गेलं, ओझं मागे राहिलं. पायरीच्या तोंडाशी जाड खडे, त्यापुढे रेती, त्यापुढे चिखल. जपानी पंख्यासारखा आकार झाला, म्हणाली. मी जपानी पंखा पाहिलेला नाही, पण खळ्यावर आयुष्यभर उफणणी केली आहे. वाऱ्यात पाटी धरली की दाणा पायाशी पडतो, हलका कोंडा लांब जातो. तसंच होतं ते.

"डोंगरातून नदी बाहेर पडते तिथे असंच होतं," ती म्हणाली. "आता समज, पायरी अजून उंच झाली. पाणी आणखी जोरात येणार, मोठे गोटे आणखी पुढे ढकलणार. ते कुठे पडतील?"

"चिखलावर."

"मग हजारो वर्षांनी ती जागा कापून बघितली तर खाली मऊ चिखल, वर एकदम मोठे गोटे. डोंगर कधी उठला ते डोंगरावर लिहिलेलं नसतं आजी. डोंगर तर झिजून जातो. त्याने खाली टाकलेल्या ढिगात लिहिलेलं असतं."

"आन मोठा पाऊस झाला तर? पावसानंबी मोठं दगड येत्यात की."

"येतात. त्याच्यावरच भांडण आहे सगळ्यांचं. म्हणून नुसता मोठा गोटा बघून चालत नाही. गोटा कोणत्या खडकाचा ते बघायचं. पाऊस वरवरचंच आणतो. डोंगर उठत गेला तर पाणी खोल कापतं आणि आतला, जुना खडक बाहेर काढतं. गोटे बदलले की समजायचं."

"कळलं," मी म्हणाले. "पन तुज्या बापाला ही पायरी दावू नगं. त्यो परत कंत्राटदाराला फोन लावंल आन् दिवस जाईल."

चैत्र सरला आणि टँकर दिवसाआड यायला लागला. वरच्या खोल्यांतल्या बायका बादल्या आपटायला लागल्या. तेव्हा लेकाने बोअर घ्यायचं ठरवलं आणि पाणाड्याला बोलावलं. पाणाड्या म्हणजे जमिनीतलं पाणी दाखवणारा माणूस. आमच्या भागात प्रत्येक कंपनीच्या गेटावर मशीन हाताचे ठसे घेते, पण आत बोअर घ्यायचं तर नारळवालाच लागतो. हा माणूस तळहातावर आडवा नारळ घेऊन पट्टीभर फिरला. घराच्या कोपऱ्याशी नारळ उभा राहिला. लेकाने चुन्याने खूण केली.

नात हसली. मोठ्याने नाही, पण नाकातून हसलेलं जास्त ऐकू जातं.

"काय झालं हसायला?" लेक म्हणाला.

"काही नाही. खाली अखंड पाषाण असणार. फट सापडली तर पाणी, नाहीतर धूळ."

"ताई," पाणाड्या म्हणाला, "ह्यो नारळ तुमच्या जन्माआधीपासनं पानी दावतोय."

"ह्योच नारळ?" मी विचारलं.

सून पदर तोंडाला लावून आत पळाली. लेकाचा चेहरा लाल झाला. चारचौघांत वडिलांची फजिती झाली की ती कुणाच्या तरी नावावर टाकावी लागते.

"मग तू दाखव," तो नातीला म्हणाला. "एवढी शिकलीस ना? तुझे दगड काय म्हणतात?"

ती खाली ओढ्याच्या वळणाशी गेली. तिथे ओढा डोंगरातून उतरून सपाटीला लागतो. ती म्हणाली, "इथे. आपल्याकडे मोठा पंखा नाही, पण ओढ्याने थोडे गोटे टाकलेले असणारच. गोट्यांमध्ये पाणी धरून राहतं. बोअर नको. साधा खड्डा."

"ठरलं," लेक म्हणाला. "तुझ्या जागेला पाणी लागलं तर जा तुझ्या हिमालयात. नाही लागलं तर मारुंजीच्या लोकांना बोलवायचं. आई, तू ऐकलंस. बुवा, तुम्ही पण."

"ऐकलं," पाणाड्या म्हणाला. त्याला मजा यायला लागली होती.

आधी बोअरची गाडी आली. लेक माझा आहे, दोन्हीकडे पाय ठेवणार. गाडीने दिवसभर घर हलवलं. नळीतून राखाडी धूळ उडत राहिली, सुनेच्या कुरड्यांवर बसली, वरच्या लोकांच्या धुण्यावर बसली. पाण्याचा थेंब नाही. पाणाड्या धुळीत बोट बुडवून म्हणाला, "पानी हाय. पन त्ये घाबरून खाली सरकलं." नातीच्या तोंडावर ओढणी बांधलेली होती म्हणून ती हसली की नाही ते सांगता येत नाही.

मग जेसीबी आला आणि ओढ्याच्या वळणाशी खणायला लागला. दुपारपर्यंत पुरुषभर खोल खड्डा झाला. नात हातोडी घेऊन आत उतरली आणि खड्ड्याची भिंत खरवडायला लागली. मी वरून छत्री धरून बघत होते.

"आजी, खाली बघ. सगळ्यात खाली गोटे. त्यावर काळी माती, ती आपली शेती. आता त्याच्यावर बघ."

काळ्या मातीवर राडारोडा होता. जुनं घर पाडलं तेव्हा लेकाने ट्रॅक्टरने तो इथेच आणून ओतला होता. एवढं मला माहीत होतं.

"खालून वर वाच," ती म्हणाली.

मी वाचलं. राडारोड्यात सगळ्यात खाली कौलांचे तुकडे. त्यावर वाशांचा भुगा. त्यावर भिंतीच्या विटा आणि पांढऱ्या मातीचे गोळे, त्यांना अजून निळीचा रंग होता. आणि सगळ्यात वर, गवताखाली, पायाचे घडीव दगड.

"उलटं हाय की," मी म्हणाले.

"उलटंच असणार. घर वरून पाडलं. आधी कौलं निघाली, ती ढिगात आधी पडली. पाया शेवटी निघाला, तो वर आला. डोंगराचं असंच होतं. त्याचं छप्पर आधी झिजतं आणि पायथ्याच्या ढिगात तळाला जातं. मग भिंती. मग सगळ्यात जुना, आतला खडक वर येऊन बसतो. ज्याने डोंगर कधी पाहिलाच नाही, त्याला पण हा ढीग उलटा वाचून तो उभा करता येतो."

अशा वेळी म्हाताऱ्या बाईने डोळ्याला पदर लावावा अशी अपेक्षा असते. त्या घरात मी नवरी होऊन आले वगैरे. मला तसं काही झालं नाही. ती कौलं दर पावसाळ्यात गळायची आणि पातेली मीच मांडायची. ती तळाला गेली ते बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्यात गुडघाभर पाणी होतं.

सुनेने आरडाओरडा केला. वरच्या बिऱ्हाडातल्या बायका पायऱ्या उतरून आल्या. पाणाड्यालाही कुणीतरी फोन केला, तो मोटारसायकलवर आला. लेक खड्ड्याच्या काठावर उभा राहून पाण्याकडे आणि मुलीकडे आळीपाळीने बघत होता. नवीन पाणी लागलं की आमच्यात त्याची ओटी भरतात. हळद-कुंकू, खण, नारळ. तोवर ते प्यायचं नाही. सून ताट घेऊन आली. मी मागे उभी राहिले, कारण ओटी सवाष्णीने भरायची. विधवेच्या हाताने पाण्याला विटाळ होतो. टँकर आला की रांगेत मात्र मीच उभी असते, तेव्हा पाणी काही म्हणत नाही.

नात तेवढ्यात खड्ड्यात उतरली, पूजेच्या आधीच. ओंजळीत पाणी घेऊन तिने हुंगलं. मग खड्ड्याच्या भिंतींवरून हात फिरवला. मग माझ्याकडे बघितलं. मी काठाशी गेले.

"वास घे," ती हळूच म्हणाली.

मी घेतला. नळाच्या पाण्याला येतो तो पावडरीचा वास.

"डोंगराकडचे गोटे कोरडे आहेत आजी. सगळं पाणी रस्त्याकडून येतंय. वरची लाइन गळतेय."

"गप ऱ्हा," मी म्हणाले. "पानी त्ये पानी."

"नाही गं."

"अगं, तुला जायचंय ना? कुनाला कळतंय? तुझा बाप पाण्याचा वास घ्याया बसलाय व्हय?"

"आजी, तिथे जाऊन मी काय करणार आहे? हा गोटा कुठून आला, तेच सांगणार आहे. ते इथेच खोटं सांगितलं तर तिथे कशाला जाऊ?"

मी मागे सरले. पटलं म्हणून नाही. एवढ्या लोकांपुढे खड्ड्यात वाकून भांडता येत नाही म्हणून.

ती वर आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "पप्पा, हे ओढ्याचं पाणी नाही. रस्त्याखालची लाइन लीक आहे. माझी जागा चुकली. गोटे आहेत, पण कोरडे आहेत."

सुनेच्या हातातलं ताट हातातच राहिलं. वरच्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. त्यांना पाणी कुठून आलं याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. एकीने तोवर बादली भरूनही घेतली होती.

लेक म्हणाला, "म्हणजे पाणी लागलेलं नाही."

"असं कसं?" मी म्हणाले. "तू म्हनला व्हता, पानी लागलं तर. कुठलं लागलं तर, ह्ये तू बोलला न्हाईस. मी साक्षीदार हाय."

"आई, ते कंपन्यांचं पाणी आहे."

"कंपन्यांनी आपलं रान घेतलं तवा मी म्हनले का, ह्ये आमचं रान हाय?"

"विषय तो नाहीये."

"मग बुवांना इचार. त्ये बी साक्षीदार हायेत. पान्यातलं त्यांना कळतं."

सगळे पाणाड्याकडे वळले. मला वाटलं, नारळाच्या फजितीचा वचपा काढून तो नातीला बुडवणार. पण तो घाईघाईने पुढे आला. घाम फुटला होता त्याला.

"साहेब, पानी लागलं म्हंजे लागलं," तो म्हणाला. "त्ये कुठनं आलं, ह्ये इचारायची रीत न्हाई. असं इचारत बसलं तर ह्या पट्ट्यातल्या किती हिरी राहतील? कुनाच्या हिरीत कालवा हाय, कुनाच्या हिरीत लाइन हाय. सगळ्यांच्या पूजा झाल्यात. ताईंनी जागा दावली, जागेला पानी आलं. ओके करा."

इतक्या वर्षांत आमच्या दारात येऊन माझ्या लेकाला ओके करायला सांगणारा हा पहिलाच माणूस. लेक हसला नाही. त्याने खड्ड्यात वाकून पाणी घेतलं, वास घेतला, टाकून दिलं. त्याच्या कंपनीत म्हणे माल मापात बसला तरी तो कुठून आला हे सांगता आलं नाही तर परत पाठवतात. वरचे साहेब तसाच घ्या म्हणतात तेव्हा हा त्यांच्याशी भांडतो, प्रमोशन अडलं ते त्याच्यामुळेच, असं सून म्हणते. आता समोर त्याची मुलगी उभी होती, स्वतःचाच माल स्वतः रिजेक्ट करून.

"तिकडे थंडी किती असते?" त्याने विचारलं.

"असते बरीच," नात म्हणाली.

"हिच्या स्वेटरचं बघ," तो सुनेला म्हणाला आणि शिफ्टला उशीर झाला म्हणून निघून गेला. मारुंजीच्या लोकांना त्याने काय कळवलं ते मी विचारलं नाही. पुढे त्यांच्या मुलाचं लग्न झालं. पत्रिका आली, अर्थात पहिली माझ्या हातात.

जायच्या आधी नातीने आणखी एक उद्योग केला. गळती कळवली. तीनदा कळवली. वरच्या बायकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. शेवटी माणसं आली, रस्ता खणला, लाइन जोडली, आणि आठवड्यात खड्डा ठणठणीत कोरडा झाला. टँकर परत सुरू. मी रांगेत.

आता ती तिकडे आहे. परवा व्हिडिओवर दरड दाखवली. आमच्या तीन मजल्यांपेक्षा उंच. खाली पिवळट चिखल, आणि त्यावर एका रेषेत एकदम गोटे, म्हशीएवढाले. ओरडून सांगत होती, कारण वारा होता. "आजी, थर तिरके दिसतात का? हे आडवे साचले होते. डोंगर पुढे सरकला आणि आपणच टाकलेला ढीग त्याने आपल्याबरोबर उचलला. आता तो ढीगच टेकडी झालाय."

"पानी हाय का तिथं?" मी विचारलं.

"समोर नदी आहे आजी."

"हुंगून बघितलीस का?"

लेक मागे उभा राहून ऐकत होता. त्याने फोन घेतला, स्वेटर घातलाय का विचारलं, आणि दरडीच्या जरा लांब उभी राहा म्हणाला.

खड्डा अजून तसाच आहे. वरच्या भाडेकऱ्यांना तो बुजवून गाड्या लावायला जागा हवी आहे. मलाही हवं आहे, पावसाळ्यात त्यात डास होतात. पण लेक बुजवू देत नाही. म्हणतो, ती आल्यावर तिला थर बघायला लागतील. थरांत आता काय आहे ते मला वरून दिसतं. तळाच्या गोट्यांवर चिप्सची पाकिटं, एक फुटकी बादली आणि पाणाड्याचा नारळ. त्या दिवशी त्यानेच ओटीसाठी आणून दिला होता, तो सुनेने कोरड्या खड्ड्यात टाकून दिला. खालून वर वाचणारा कुणी आला तर त्याला वाटेल, इथे काहीतरी मोठं उठलं असलं पाहिजे.

मी त्यात फिनेल ओतते.